मनुष्याकृतीचा भार

मराठीत वजन आणि ओझे हे दोन शब्द आपण अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यात एक भेद आहे आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. वजन वस्तूला असते. ओझे ते उचलणाऱ्याला होते. वजन तराजू सांगतो. ओझे सांगायला पाठ, मान, गुडघे आणि कधी कधी मनही लागते. बारा किलोचे गव्हाचे पोते आणि बारा किलोचे झोपलेले मूल यांचे वजन एकच, पण ओझे एक नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. मात्र या जाणत्या भेदात एक तिसरी वस्तू आणून ठेवली की आपला विचार अडखळतो. ही वस्तू आहे माणसाच्या मापाची, माणसाच्या घाटाची, पण निर्जीव असलेली मूर्ती. ती देवाची नाही, थोर पुरुषाचीही नाही. ती आहे दुकानात साडी किंवा शर्ट घालून उभी असलेली पूर्णाकृती बाहुली. ती उचलणाऱ्याला होणारे ओझे कशाचे असते, वस्तूचे की माणसाचे? हा प्रश्न वरवर पाहता विक्षिप्त वाटेल. पण ज्यांना ती रोज उचलावी लागते त्यांच्या पाठीने त्याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. आपण ते ऐकलेले नाही इतकेच.

रायपूरची पंडरी ही छत्तीसगडातली कापडाची मोठी पेठ. ठोक आणि किरकोळ अशा दोन्ही व्यवहारांची दुकाने येथे ओळीने आहेत. आसपासच्या जिल्ह्यांतले लहान व्यापारी येथूनच माल भरतात, आणि लग्नसराईत खेडोपाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे येथे उतरतात. रायपूरचे बसस्थानकही दीर्घकाळ येथेच होते, त्यामुळे गाठोडी, बोचकी, गठ्ठे आणि ते वाहणारी माणसे हे पंडरीचे जुने चित्र. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात स्थिरावलेल्या मराठी घरांनाही मुंजीचे सोवळे असो की लग्नाचा शालू, पंडरीची वाट परिचयाची आहे. या पेठेत कापडाच्या गठ्ठ्यांइतकीच एक दुसरी प्रजा नांदते. तिला कोणी पुतला म्हणतात, कोणी डमी. तिच्यातल्या स्त्रिया शालू नेसून उभ्या असतात, पुरुष शेरवानी घालून. काहींना मस्तक असते, काहींना नसते. सकाळी दुकान उघडले की त्यांना बाहेर ओसरीवर आणून उभे करायचे, रात्री आत घ्यायचे, माल बदलला की वस्त्रे उतरवून दुसरी चढवायची. हे काम बहुधा दुकानातल्या सर्वांत तरुण आणि सर्वांत कमी पगाराच्या नोकराकडे असते. गिऱ्हाईक साडी पाहते, साडीखालची बाहुली पाहत नाही. आणि बाहुली हलवणारा तर कोणालाच दिसत नाही, कारण तो हे काम दुकान उघडण्यापूर्वी किंवा मिटल्यावर करतो.

काचतंतूंच्या, म्हणजे ज्याला बाजारात फायबर म्हणतात त्या, पूर्णाकृती बाहुलीचे वजन साधारणतः दहा ते पंधरा किलो भरते. खालची लोखंडी किंवा जाड काचेची बैठक वेगळी. आकडा ऐकून कोणी म्हणेल, पंधरा किलो म्हणजे काय मोठेसे! पेठेतला हमाल याच्या कितीतरी पट ओझे डोक्यावर घेऊन जिने चढतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. ओझ्याचा निर्णय केवळ किलोंनी होत नाही. ते शरीरापासून किती दूर धरावे लागते यावर होतो. कमरेच्या मणक्याच्या मागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर काम करतात. बारा किलोची वस्तू मणक्यापासून अर्धा मीटर पुढे धरली तर तिला तोलण्यासाठी त्या स्नायूंना दहा पट, म्हणजे सुमारे एकशे वीस किलोचा जोर लावावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन त्यात वेगळे मिळवायचे. पोते पाठीला चिकटते. त्याचा आकार वाहणाऱ्याच्या आकाराशी जुळवून घेतो. बाहुली कोणाशीच जुळवून घेत नाही. तिचा एक हात पुढे आलेला, दुसरा कमरेवर, एक पाय किंचित वळलेला. हा डौल साडी खुलवण्यासाठी घडवलेला असतो, उचलण्यासाठी नव्हे. दर्शनी काचेच्या आत ती उभी असेल तर नोकराला जवळही जाता येत नाही. चौथऱ्याच्या बाहेरून, हात लांबवून, कंबर वळवून तिला उपसावे लागते.

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९०च्या दशकात सुधारून दिलेले एक सूत्र या बाबतीत बोलके आहे. सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वस्तू अंगालगत, पकड उत्तम आणि कंबर सरळ असताना, त्या सूत्राची कमाल मर्यादा तेवीस किलो आहे. वस्तू पन्नास सेंटिमीटर दूर गेली की ही मर्यादा निम्मी होते. कंबर पंचेचाळीस अंशांत वळली आणि पकड निसरडी असली की ती नऊ किलोंच्याही खाली येते. पंडरीतल्या कोणत्याही दर्शनी काचेमागची बाहुली या हिशेबात जड ठरते. मग कधी तरी कमरेत उसण भरते. कधी खांद्याशी खुंटीने अडकवलेला हात उचलतानाच निखळतो आणि उरलेले धड पायांवर आदळते. कधी पोटरीत रुतवलेली लोखंडी सळई बैठकीतून सुटत नाही, मग हिसडा द्यावा लागतो आणि हिसड्याबरोबर मनगट मुरगळते. जुन्या बाहुलीचा टवका उडालेला असेल तर त्या कडेचे काचतंतू बोटांत शिरून दिवसभर चुरचुरतात. या गोष्टींना अपघात म्हणावे इतक्या त्या मोठ्या नाहीत आणि विसरून जाव्यात इतक्या लहानही नाहीत. त्यांची नोंद कोठेच होत नाही. बाहुलीचे बोट मात्र तुटले तर ते मालकाच्या लगेच लक्षात येते.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही अवघड घाटाच्या वस्तूला लागू पडेल, शिडीला किंवा गोदरेजच्या कपाटालाही. बाहुलीचे वैशिष्ट्य याच्या पुढे सुरू होते.

जिवंत माणसाला उचलणे आणि मनुष्याकृतीला उचलणे यांत फरक काय, हे रुग्णालयातल्या परिचारिकेला विचारावे. पंडरीतच शासकीय जिल्हा रुग्णालय आहे. कापडबाजार आणि रुग्णालय यांच्यामधले अंतर थोडे असले तरी उचलण्याच्या दोन विद्या तेथे परस्परांना न ओळखता नांदतात. रुग्ण कितीही अशक्त असो, शुद्धीत असेल तर तो उचलणाऱ्याला काही तरी देतो. मान थोडी उचलतो, हात गळ्यात टाकतो, टाच गादीला टेकवतो. मराठीत यासाठी ‘अंग देणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. बेशुद्ध माणूस ‘अंग सोडतो’ आणि लगेच जड होतो. तराजूने पाहिले तर त्याच्या वजनात मासाभरही वाढ झालेली नसते. वाढते ते ओझे, कारण उचलण्याच्या क्रियेतला दुसरा भागीदार निघून गेलेला असतो. प्रेत जड होते ही लोकसमजूत याच अनुभवाची आहे, आणि तिला खुळचट म्हणून हसणाऱ्याने एकदा तरी कोणाचे निष्प्राण शरीर पलंगावरून उतरवून पाहावे.

बाहुली जन्मतःच अंग सोडलेली असते. पण तिचा चेहरा, तिचे उघडे डोळे, तिचा पुढे आलेला हात हे सगळे अंग देणाऱ्या माणसाचे असतात. आपल्या शरीराला मनुष्याकृतीची एक जुनी सवय आहे. समोर माणूस दिसला की हात त्याच्या काखेत जातो, दंडाला धरतो, कमरेला आधार देतो, आणि समोरून प्रतिसादाची अपेक्षा करतो. ही अपेक्षा बुद्धीची नसते, स्नायूंची असते. बाहुलीच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी खोटी ठरते. पोते आपल्याला फसवत नाही, कारण त्याने कधी काही कबूल केलेले नसते.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक अडचण आहे. स्त्रीरूपातली बाहुली तोलाने उचलायची तर एक हात छातीखाली आणि दुसरा जांघेशी घालावा लागतो. तिचा गुरुत्वमध्य त्या दोहोंच्या मध्ये असतो. पण रस्त्यावर लोक जात-येत असतात, शेजारच्या दुकानातला पोऱ्या हसत असतो, आणि बाहुलीच्या अंगावर त्या क्षणी वस्त्र नसते. उचलणाऱ्याचा हात अडखळतो. तो तिला दंडांना धरतो, म्हणजे नेमक्या त्या जागी जेथे तिचे सांधे सुटे आहेत. भिडेमुळे पकड चुकते आणि चुकलेल्या पकडीची किंमत कंबर भरते. काही दुकानदार बाहुली हलवताना तिच्याभोवती जुनी चादर गुंडाळायला सांगतात. ही सूचना सभ्यतेची असते, पण चादरीवरून हात घसरतो. सभ्यता कोणाच्या खर्चाने पाळली जाते हे पाहण्यासाठी यापेक्षा लहान आणि यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मनुष्याकृतीच्या सभ्यतेबद्दल समाज किती जागरूक असतो हे आपण पाहिलेले आहे. २०१३ मध्ये मुंबई महानगरपालिकेत अंतर्वस्त्रे घातलेल्या बाहुल्या दुकानांच्या दर्शनी भागातून हटवाव्यात असा ठराव आला आणि त्यावर वृत्तपत्रांतून भरपूर वाद झाला. अशा बाहुल्यांनी पुरुषांची मने बिघडतात आणि स्त्रियांवरील अत्याचारांना उत्तेजन मिळते, असे एका बाजूचे म्हणणे. व्यापारस्वातंत्र्य आणि वेडगळ सोवळेपणा, असे दुसऱ्या बाजूचे. जानेवारी २०२२ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात तालिबानी अधिकाऱ्यांनी दुकानांतल्या बाहुल्यांची मस्तके उडवण्याचा हुकूम काढला, कारण त्यांना त्या मूर्ती वाटल्या. दोन्ही ठिकाणचे संदर्भ अगदी निराळे, आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण दोन्ही वादांत एक साम्य आहे. बाहुलीकडे पाहणाऱ्याचे काय होते याची चर्चा झाली. बाहुली उचलणाऱ्याचे काय होते हा प्रश्न कोणाच्या तोंडी आला नाही. नीतिविचार पुष्कळदा डोळ्यांपुरता राहतो, पाठीपर्यंत पोचतच नाही.

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिमीमांसेत एक भेद केला, तो आता सर्वपरिचित आहे. वस्तूला किंमत असते, व्यक्तीला प्रतिष्ठा असते. वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, व्यक्तीच्या जागी येत नाही. हा भेद स्वच्छ आहे आणि आपल्या बऱ्याच नैतिक भाषेचा पाया आहे. पण पूर्णाकृती बाहुली या भेदाच्या नेमक्या सांध्यावर उभी राहते. कायद्याच्या, हिशेबाच्या आणि गोदामाच्या दृष्टीने ती वस्तू. तिची किंमत पावतीवर लिहिलेली असते. डोळ्यांच्या आणि हातांच्या दृष्टीने ती व्यक्तीसारखी. मला वाटते, उचलणाऱ्याच्या वाट्याला या दोन्ही बाजूंतली वाईट तेवढीच येते. ती माणसासारखी असल्यामुळे तिला पोत्यासारखे दोरीने बांधता येत नाही, आकडा लावून ओढता येत नाही, उलटी करून खांद्यावर टाकता येत नाही. निदान भर बाजारात येत नाही. आणि ती वस्तू असल्यामुळे तिला उचलायला दुसऱ्या माणसाची गरज आहे असे कोणाला वाटत नाही.

हा दुसऱ्या माणसाचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या परंपरेने मनुष्यदेहाचे ओझे कधी एकट्यावर टाकलेले नाही. पालखीला भोई असतात, आणि ते खांदा बदलतात. मृताला चार खांदे लागतात. देह कितीही कृश असो, एक धडधाकट माणूस तो सहज उचलू शकत असो, तरी खांदेकरी चारच, आणि वाटेत इतरांनी पुढे होऊन खांदा द्यायचा. या रूढीत धर्म किती आणि शरीरशास्त्र किती हा वाद विद्वानांनी करावा. परिणाम असा की मनुष्याचे ओझे वाटून घेण्याची वस्तू ठरले. एकट्याने मनुष्यदेह वाहून नेणे आपल्या कल्पनेत भयाच्या किंवा शिक्षेच्या प्रदेशात जाते. वेताळपंचविशी, जी सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी मुलांच्या हाती दिली, ती अशाच एका एकाकी वाहण्याची कथा आहे. राजा विक्रम झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो, आणि ते पुन्हा पुन्हा निसटून झाडावर जाते. पण त्या प्रेताकडे एक मोठे सौजन्य होते, ते बोलत असे. वाटेत गोष्ट सांगे आणि गोष्टीच्या शेवटी न्यायाचा प्रश्न टाकी. ओझ्याने वाहणाऱ्याला प्रश्न विचारावा यात एक प्रकारची सोबत आहे. विक्रमाचे खांदे दुखत असतील, पण त्याचे मन एकटे नव्हते.

छत्तीसगडात अक्षय्यतृतीयेला, म्हणजे तिकडच्या बोलीत अक्तीला, मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. आपल्याकडच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नासारखाच हा खेळ. त्या बाहुल्या ओंजळीत मावतात. मनुष्याकृती ओंजळीत मावते तोवर ती खेळणे असते आणि तिच्यावर आपली सत्ता चालते. ती आपल्या उंचीची झाली की सत्तेचा तोल बदलतो. हा बदल ज्यांनी स्वेच्छेने पत्करला अशांची उदाहरणे येथे पाहण्याजोगी आहेत.

लेस्टर गाबा या अमेरिकी शिल्पकाराने १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित दुकानासाठी सिंथिया नावाची बाहुली घडवली. ती प्लास्टरची होती आणि तिचे वजन शंभर पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो होते. गाबा तिला समारंभांना, नाट्यगृहांत, भोजनगृहांत आपल्याबरोबर नेत असे. १९३७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्या दोघांची छायाचित्रे छापली. तो विनोद होता, जाहिरात होती आणि थोडेसे वेडही होते. एके दिवशी एका केशभूषागृहात ती खुर्चीवरून घसरली आणि तिचे तुकडे झाले. सिंथियाचा हा अंत कपड्यांच्या व्यापाराच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. टॅक्सीतून, पायऱ्यांवरून, दारांतून ते पंचेचाळीस किलो कोणकोणत्या हातांनी हलवले ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ऑस्कर कोकोश्का या चित्रकाराने आपल्याला सोडून गेलेल्या आल्मा मालरची पूर्णाकृती बाहुली म्युनिकच्या हेर्मिने मोस या कारागीर स्त्रीकडून करून घेतली. पत्रांतून त्याने तिला त्वचेच्या स्पर्शापर्यंतच्या सूचना केल्या होत्या. बाहुली आली तेव्हा तो निराश झाला आणि अखेर ड्रेस्डेनमधल्या एका रात्रीच्या मेजवानीत तिचा नाश करून टाकला. गाबाला बाहुलीची ख्याती हवी होती, कोकोश्काला सहवास.

आज या दुसऱ्या इच्छेचा एक उद्योग झाला आहे. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून आणि अमेरिकेत १९९०च्या दशकापासून, एकट्या प्रौढ माणसांच्या सहवासासाठी व शय्येसाठी पूर्णाकृती बाहुल्या तयार होतात. त्या सिलिकोनच्या किंवा तशाच मऊ द्रव्याच्या, आत धातूचा सांगाडा असलेल्या असतात. त्यांचे वजन बहुधा तीस ते पंचेचाळीस किलोंच्या आसपास जाते. शोभेच्या बाहुलीची अडचण ताठरपणाची. हिची उलट आहे. हिचे सांधे वळतात, मान कलंडते, मांस हाताखालून सरकते. ती अक्षरशः अंग सोडलेल्या माणसासारखी असते. तिला स्नान घालायचे, कोरडी करायची, कपडे चढवायचे, जागेवरून हलवायचे, लपवायचे. हे सगळे काम मालक एकट्याने करतो, आणि त्यातून पाठीची, खांद्यांची, गुडघ्यांची दुखणी उद्भवतात. ओल्या फरशीवर दोघांचाही तोल जाऊ शकतो.

या विषयाचे नाव निघताच आपल्याकडे एक तर हसू येते किंवा घृणा. दोन्ही प्रतिक्रिया मला समजतात. पण त्या विचार नव्हेत. अशी बाहुली बाळगणे योग्य की अयोग्य हा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि स्त्रीदेहाची आज्ञाधारक प्रतिकृती बाजारात विकली जाण्याने स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी दूषित होते, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरी येथे मला दुसरीच गोष्ट दिसते. रुग्णाला उचलणारा मुलगा शेजाऱ्याला हाक मारू शकतो. हमाल रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणू शकतो, ‘जरा हात लावा’. मृताच्या घरी तर हाक मारावीही लागत नाही. या मालकाला मात्र कोणालाच बोलावता येत नाही. चाळीस किलोंत वजनाचे किती आणि लज्जेचे किती हे सांगणे अवघड आहे. उसण भरली तर वैद्याला कारणही खरे सांगता येणार नाही. एकाकीपणा घालवण्यासाठी आणलेली वस्तू त्याला उचलण्याच्या क्षणी पूर्वीपेक्षा अधिक एकाकी करते.

कोणी म्हणेल, त्याने ते ओझे स्वतः निवडले आहे; पंडरीतल्या नोकराने निवडलेले नाही; दोघांना एका पंक्तीत बसवणे योग्य नव्हे. हे मला मान्य आहे, आणि न्यायाचा प्रश्न नोकराच्याच बाबतीत उभा राहतो. मालकाच्या दुःखाला करुणा पुरेशी आहे. नोकराच्या दुःखाला नियम हवा. पण निवडीने मणक्यावरचा जोर कमी होत नाही. आणि एका गोष्टीत दोघे एकाच जागी उभे आहेत. दोघांनाही ‘हात लावा’ असे म्हणता येत नाही. एकाला लाज वाटते. दुसऱ्याला भीती वाटते, की एवढ्याशा बाहुलीला दोघे कशाला, असे ऐकावे लागेल.

नियमांकडे पाहिले तर निराशा होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये कमाल वजनासंबंधी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातले चौतिसावे कलम सांगत असे की इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये. पण तो कायदा कारखान्यांचा होता, कापडाच्या दुकानांचा नव्हता. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी आणि हमालांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोंचे पोते पन्नासांवर यावे म्हणून आवाज उठवला. या लढ्यांनी निदान पोत्याला नैतिक विषय बनवले. दुकानातल्या नोकराचे शरीर कायद्याच्या नजरेत फार उशिरा आले. केरळात २०१८ मध्ये आणि तामिळनाडूत २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क देण्यात आला. केरळातल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी अनेक वर्षे झगडा केला होता. बसायला स्टूल मिळावे यासाठी कायदा लागतो, तेथे बाहुली उचलण्याचा प्रश्न किती दूर असेल! शिवाय सर्व मर्यादा किलोंत मांडलेल्या असतात, आणि बाहुली किलोंच्या परीक्षेत नेहमी उत्तीर्ण होते.

या संदर्भात रायपूरचे नाव घेताना माधवराव सप्रे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठी मातृभाषेच्या या गृहस्थाने पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, पुढे रामदासांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. १९०१ मध्ये त्या मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. हिंदीतल्या आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका अनाथ विधवेची झोपडी जमीनदार बळकावतो. ती नातीच्या चुलीसाठी तेथली टोपलीभर माती मागायला येते, आणि टोपली डोक्यावर घेता यावी म्हणून जमीनदारालाच जरा हात लावायची विनंती करते. तो आधी चिडतो, मग नोकराला न सांगता स्वतः पुढे होतो, आणि टोपली त्याच्याने जागची हलत नाही. एक टोपली उचलवत नाही, मग झोपडीत अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा पेलशील, असे म्हातारी त्याला विचारते.

या कथेचा अर्थ सहसा पश्चात्तापाकडे लावला जातो, आणि तो आहेच. जमीनदार झोपडी परत करतो. मला तीत महत्त्वाची वाटते ती म्हातारीची विनंती. ती त्याला न्याय मागत नाही, दया मागत नाही. ती फक्त हात लावायला सांगते. आजवर कागदावर असलेले वजन त्या एका क्षणात त्याच्या दंडाला ओझे म्हणून कळते. ज्याने कधी उचललेले नाही त्याला उचलणाऱ्याचे ओझे कळण्याचा याहून जवळचा मार्ग मला माहीत नाही. बाहुलीच्या बाबतीत तर तो फार सोपा आहे. दुकानमालक बाहुली खरेदी करतो तेव्हा तिचा रंग, बांधा, बोटांची ठेवण, चेहऱ्यावरचे हसू पाहतो, साडी किती खुलेल याचा अंदाज घेतो, भाव करतो. तिला दोन्ही हातांनी उचलून, चौथऱ्यावरून उतरवून, ओसरीपर्यंत नेऊन पाहत नाही.

कमरेत दोन तुकडे होणाऱ्या बाहुल्या बाजारात आहेत, हलक्या प्लास्टिकच्या आहेत, चाकांच्या बैठकीही करून घेता येतात. आणि काहीच नसेल तर दुसरा माणूस असतो. दोघांनी धरली तर एक काखेशी धरतो, दुसरा पोटऱ्यांशी. अंतर निम्मे होते, पिळा पडत नाही, आणि भिडेचा प्रश्नही बराचसा मिटतो, कारण दोघांनी मिळून नेताना ती मनुष्याकृती एखाद्या रुग्णासारखी दिसू लागते. व्यापारी म्हणतात, सकाळच्या घाईत दोन माणसे एका बाहुलीत गुंतवणे परवडत नाही. दहा बाहुल्यांना, मी हिशेब केला, सहा-सात मिनिटे अधिक लागतात.